जोड धरला तरच नक्षी: पॅटर्न-वेल्डिंगच्या पात्यांमागची भट्टीतली झुंज

इ.स. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या सफोक परगण्यात, सटन हू येथील एका मातीच्या टेकाडाखाली, जहाजासकट पुरलेल्या एका थोर पुरुषाची, बहुधा राजाची, कबर उघडली गेली. सोने, गार्नेटचे जडावकाम, शिरस्त्राण, रुप्याची भांडी असा ऐवज बाहेर आला. त्यात एक तलवार होती. तिच्या मुठीवरचे सोने काल घडवल्यासारखे लखलखत होते. पाते मात्र म्यानासकट गंजून एक ओबडधोबड तपकिरी पट्टी होऊन बसले होते. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात जमिनीखाली गेलेले ते पाते म्यानातून कधीच सुटे होणार नव्हते.

पुढे त्या पट्टीवर क्ष-किरण टाकले गेले आणि गंजाच्या आतली नक्षी दिसू लागली. सात-सात बारीक सळयांच्या आठ जुड्या, पात्याच्या एका अंगाला चार आणि दुसऱ्या अंगाला चार. काही ठिकाणी पीळ दिलेल्या, काही ठिकाणी सरळ ठेवलेल्या. आणि दोन्ही कडांना धारेसाठी वेगळ्या पट्ट्या. हे सारे भट्टीत तापवून, घणाखाली ठोकून एकजीव केलेले.

छप्पन्न सळया. सात सळया एकावर एक रचल्या तर एका जुडीत सहा सांधे होतात. आठ जुड्यांचे अठ्ठेचाळीस. मग जुडीला जुडी जोडायची, मग कडा. यांतला एक सांधा जरी आतून कच्चा राहिला तरी बाहेरून तो कळेलच असे नाही, आणि तो कळण्याची वेळ रणांगणावर आली तर कळून उपयोग नाही. म्हणून या धाग्याचा विषय नक्षी नसून सांधा आहे. नक्षीचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्या पोटातला सांधा कसा धरतो, का सुटतो, आणि तो सुटू नये म्हणून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे लोहार काय करत, हे फारसे सांगितले जात नाही.

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. वेगवेगळ्या लोखंडांच्या सळया किंवा पट्ट्या भट्टीत जोडून, पिळून, घासून पात्यावर नक्षी उमटवण्याच्या या पद्धतीला ‘पॅटर्न-वेल्डिंग’ हे नाव हर्बर्ट मॅरियन याने १९४८ मध्ये दिले. मॅरियन हा नुसता पुस्तकी संशोधक नव्हता. आयुष्यभर शिल्पकला आणि धातुकाम केलेला, शिकवलेला हा माणूस वयाच्या सत्तरीत ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाला आणि सटन हूच्या शिरस्त्राणाचे तुकडे जुळवत बसला. ईलीजवळ सापडलेल्या एका जुन्या तलवारीवर लिहिताना त्याने हा शब्द वापरला. हातात घण धरलेल्या माणसाला पात्यात नक्षीच्या आधी जोड दिसला, हे त्या नावातूनच कळते.

त्याआधी, आणि दुर्दैवाने त्यानंतरही, लाटालाटांची नक्षी असलेल्या कोणत्याही पात्याला सरसकट ‘दमास्कस’ म्हटले जाते. समाजमाध्यमांवर तर हे रोजचेच. पण दमास्कस या नावाने गाजलेल्या जुन्या पौर्वात्य तलवारींचे पोलाद मुशीत वितळवून केलेले असे. तो माल मोठ्या प्रमाणावर दख्खन आणि दक्षिण भारतातून जाई. युरोपीय लोक त्याला ‘वूट्झ’ म्हणत. त्याच्या अंगावरचे पाण्यासारखे तरंग ही थंड होताना धातूच्या आत घडणारी गोष्ट आहे. तिथे सांधाच नाही. सटन हूच्या पात्यात सांध्यांखेरीज काही नाही. दोन्हींना एक नाव देणे म्हणजे विणलेल्या कापडाला आणि लाकडाच्या रेषांना एकच नाव देण्यासारखे आहे. या वूट्झकडे शेवटी पुन्हा यावे लागेल, कारण त्याची जोडाशी असलेली अढी मुंबईहून निघालेल्या एका पत्रात नोंदली गेली आहे.

मुळात जोडायची गरजच का पडली? त्या काळच्या उत्तर युरोपात लोखंड वितळवून ओतत नसत. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात, आणि मातीच्या लहान कोळसाभट्टीत तेवढी उष्णता साधत नसे. भट्टीतून निघे तो काही किलोंचा, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. त्यात धातुमळी अडकलेली असे. एकाच गोळ्याचा एक कोपरा मऊ लोखंडाचा, दुसरा कार्बन शोषून पोलाद झालेला, तिसऱ्यात फॉस्फरस उतरलेला. हा गोळा ठोकून, दुमडून, पुन्हा ठोकून पट्टी करणे हाच पहिला जोड. म्हणजे जिला आज आपण ‘साधी लोखंडी पट्टी’ म्हणू, ती तयार होईपर्यंतच लोहाराने कित्येक सांधे मारलेले असत.

त्यात पोलाद दुर्मीळ. म्हणून धारेपुरते पोलाद आणि बाकी अंग लोखंडाचे, ही काटकसर घरगुती सुरीतही दिसते. यॉर्क शहरात कॉपरगेट येथे १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात दोनशेहून अधिक सुऱ्या मिळाल्या. त्यांतल्या कित्येकींच्या पात्यात लोखंडी पाठीला पोलादी धार जोडलेली आहे. भाकरी कापायच्या सुरीतही भट्टीचा जोड होता. तेव्हा पॅटर्न-वेल्डिंग हे आकाशातून पडलेले गुपित नव्हे. रोजच्या कामातली हातोटी अतिशय कठीण परीक्षेला बसवली, एवढेच.

सुरीचाच नमुना घेतला तर रचना लवकर समजते. अँग्लो-सॅक्सन आणि फ्रँक लोक ‘सॅक्स’ नावाची एकधारी सुरी कमरेला बाळगत; ‘सॅक्सन’ हे लोकनाम याच सुरीवरून आले असे मानतात. नक्षीदार सॅक्सच्या पात्यात वरून खाली पाहिले तर आधी लोखंडी पाठ, मध्ये पीळ दिलेल्या सळयांचा पट्टा, आणि तळाला पोलादी धार असे. तीन निराळ्या पट्ट्या, लांबीभर एकमेकींना चिकटवलेल्या.

आता भट्टीकडे. लोखंडाचे दोन पृष्ठभाग जर खरोखरीच स्वच्छ असतील, पुरेसे तापलेले असतील आणि एकमेकांवर दाबले गेले, तर त्यांचे अणू परस्परांत मिसळून सीमारेषा नाहीशी होते. वितळावे लागत नाही, चिकटवायला तिसरे काही लागत नाही. एवढे साधे तत्त्व. अडचण ‘स्वच्छ’ या शब्दात आहे. तापलेले लोखंड हवेला लागताच त्यावर ऑक्साइडची काळी खपली धरते. ऐरणीवर घण पडला की काळे पापुद्रे उडतात, ते हेच. ही खपली दोन पट्ट्यांच्या मध्ये राहिली की घण कितीही मारा, लोखंडाला लोखंड भेटतच नाही. मध्ये मातीची भिंत घातल्यासारखे होते. आणि तापवल्याशिवाय जोड नाही, तापवले की खपली! लोहाराची सारी झुंज या एका पेचाशी.

पेच सोडवण्याचा जुना उपाय वाळूचा. तापलेल्या सांध्यावर बारीक वाळू टाकली की तिच्यातली सिलिका लोखंडाच्या ऑक्साइडशी संयोग पावते आणि सुमारे १२०० अंशांना वितळणारी काचेसारखी मळी तयार होते. ऑक्साइडची खपली एकटी असती तर ती याहून बऱ्याच अधिक उष्णतेला वितळली असती. वाळूच्या संगतीने ती लवकर पातळ होते. घणाचा पहिला घाव पडताच ही पातळ मळी सांध्यातून ठिणग्यांच्या फवाऱ्यासारखी बाहेर उडते आणि मागे उघडे, स्वच्छ लोखंड राहते. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अशा द्रव्याला ‘अभिवाह’ म्हणतात. आज त्या जागी टाकणखार वापरतात. तो तर साडेसातशे अंशांच्या आतच वितळून पृष्ठभागावर कवच धरतो.

इथे एक गंमत आहे. त्या काळच्या लोखंडात अडकलेली धातुमळी हा दोष समजला जातो, आणि तो आहेच. पण हीच मळी मुख्यतः लोखंड आणि सिलिका यांच्या संयुगाची, म्हणजे बरोबर त्याच काचेची असे. जोडाच्या उष्णतेला ती आपोआप ओघळे. जुने लोखंड आपला अभिवाह पोटात घेऊनच भट्टीत येत होते. आजच्या कारखान्यातले निर्मळ पोलाद या बाबतीत अधिक हट्टी आहे.

मळी बाहेर जायला वाट हवी. दोन सपाट पट्ट्या जुळवल्या आणि घाव आधी कडांवर पडला, तर कडा बंद होतात आणि मधली मळी कायमची कोंडली जाते. म्हणून सांध्याचे पृष्ठभाग किंचित फुगीर ठेवायचे आणि घाव मध्यापासून बाहेरच्या दिशेने किंवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचा. पहिला घावही बेताचा, पण झटपट. जोरकस पहिला घाव पट्ट्यांना एकमेकींवरून घसरवतो; आणि विचार करत बसले तर पातळ पट्टी ऐरणीवर टेकताच थंड होते. भट्टीतून सांडशीने उचलल्यापासून हाताशी वेळ असतो तो काही क्षणांचा.

तापमापक नव्हता. होते ते डोळे. लोहारांचे काम अंधाऱ्या पडवीत का चाले याचे एक कारण हे की उजेडात लोखंडाचा रंग ओळखता येत नाही. लाल, मग नारिंगी, मग पिवळा, मग पांढुरका पिवळा. त्यावर लोणी वितळल्यासारखी ओली चकाकी. ती दिसली की जोडाची घडी आली. त्यानंतर पहिल्या चुरचुरत्या ठिणग्या दिसू लागल्या की समजावे, धातू जळू लागला.

मऊ लोखंडाला हा अतिताव सोसतो. किंबहुना त्याला तो हवाच असतो. पोलादाला सोसत नाही. कार्बन जितका जास्त, तितका धातू वितळू लागण्याचा बिंदू खाली. एक टक्का कार्बनचे पोलाद शुद्ध लोखंडापेक्षा जवळजवळ दोनशे अंश आधीच कणाकणांच्या सीमांवर वितळू लागते. असे ‘जळलेले’ पोलाद घणाखाली ओल्या साखरेच्या खड्यासारखे भुरभुरते, आणि एकदा जळले की ते पुन्हा सुधारत नाही. नक्षीसाठी मात्र एकाच जुडीत दोन निराळे धातू हवेत, नाहीतर नक्षी दिसणार कशी? म्हणजे एकाला कमी पडेल आणि दुसऱ्याला जास्त होईल अशा दोन काठांमधली अरुंद वाट. जुडीच्या आतली सळई बाहेरच्या सळईपेक्षा उशिरा तापते, ही अडचण वेगळीच. घाई केली तर बाहेरची जळते आणि आतली कच्ची राहते.

याच कारणाने असावे, त्या काळातल्या पुष्कळ पात्यांच्या नक्षीत पोलाद फारसे नसते. धातुशास्त्रीय तपासणीत मिळते ते साधे लोखंड आणि फॉस्फरसयुक्त लोखंड यांचे युग्म. फॉस्फरसचे लोखंड आम्लाने किंवा घासकामाने उजळ दिसते, साधे लोखंड करडे. दोघेही जोडाच्या तावाला नांदतात. शिवाय त्यात आणखी एक सोय होती, आणि ती त्या लोहारांना अनुभवाने ठाऊक असणार. पोलाद आणि लोखंड शेजारी ठेवून वारंवार तापवले तर कार्बन स्वस्थ बसत नाही. तो जास्तीकडून कमीकडे झिरपतो. थर मिलिमीटरहून पातळ झाले की काही तावांतच दोन्हीकडचा कार्बन सारखा होतो आणि केलेल्या कष्टांची नक्षी फिकी पडते. फॉस्फरस त्या मानाने पुष्कळच स्थिर, आणि कार्बनला आपल्या हद्दीत येऊ न देणारा. जावातल्या क्रिस-घडवय्यांनी हाच प्रश्न निकेलने सोडवला: प्रंबनानजवळ सापडलेल्या, आणि पुढे सुराकार्ताच्या राजवाड्यात ठेवलेल्या उल्केचे निकेलयुक्त लोखंड त्यांनी पात्यांच्या थरांत घातले. निकेलही सहजासहजी जागा सोडत नाही, आणि त्याची रेघ रुप्यासारखी उठून दिसते.

भट्टीच्या आतही हवेची जागा नेमकी असावी लागते. भात्याचा वारा जिथे येतो तिथे प्राणवायू जास्त. तिथे धरलेल्या लोखंडावर खपली दाट. कोळशाच्या राशीत जरा वर, जिथे प्राणवायू जळून संपलेला असतो, तिथे धातू स्वच्छ राहतो. चार बोटांचा फरक, पण एवढ्यावर जोड धरणे किंवा सुटणे ठरते. लाकडी कोळशाचा एक फायदा असा की त्यात गंधक जवळजवळ नसतो. खाणीच्या कोळशातला गंधक लोखंडात शिरला तर ते लालबुंद असतानाच तडकते.

कच्चा जोड ओळखण्याच्या खुणा होत्या. तापलेली पट्टी भट्टीबाहेर धरली की जिथे थर सुटला आहे तिथला वरचा पापुद्रा लवकर थंड होतो, आणि झगमगत्या पृष्ठभागावर तेवढा भाग काळवंडलेला दिसतो. कुठे मळी किंवा वायू कोंडला असेल तर फोड येतो. घणाचा आवाजही बदलतो. ही खूण वेळीच दिसली तर फोड टोचून, पुन्हा वाळू टाकून, पुन्हा ताव द्यायचा. पण प्रत्येक नव्या तावाला थोडे लोखंड खपली होऊन झडते आणि थोडा कार्बन जातो. दुरुस्तीला मर्यादा होती.

मग पीळ. जोडलेली चौकोनी सळई तापवून, एक टोक घट्ट धरून दुसरे फिरवायचे. दिसायला ही नक्षीची पायरी, पण तिचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते: पिळाहून निष्ठुर परीक्षा सांध्याची होत नाही. आतला एक सांधा अर्धवट असेल तर सळई दोरासारखी उकलते, लांबट चिरा पडतात. फॉस्फरसचे लोखंड थंडपणी ठिसूळ, म्हणून पीळ तापल्या अंगीच द्यावा लागे. आणि एका ठिकाणी ताव जास्त झाला की सारा पीळ तिथेच गोळा होऊन बाकीची सळई सरळ राहते. पिळलेली सळई पुन्हा चौकोनी ठोकायची, तर पिळाच्या खाचांत बसलेली खपली आत दुमडली जाण्याची भीती. ती आधी घासून काढावी लागते. अशा पिळातून निभावलेल्या सळयाच पुढच्या जोडाला जात.

शेजारी शेजारी दोन सळया, एकीचा पीळ डावा, दुसरीचा उजवा, अशा ठेवल्या की पात्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी येते. तीच सळई घासून अर्ध्या जाडीपर्यंत नेली की तिरप्या रेघांच्या जागी वळणावळणाच्या कमानी उमटतात. म्हणजे एकाच जोडकामातून घासण्याच्या खोलीप्रमाणे निराळी नक्षी. सटन हूसारख्या पात्यात पीळ आणि सरळ भाग आळीपाळीने आहेत. पाते हलवले की नक्षीही हलल्यासारखी वाटत असणार.

या सळया एकमेकींना बाजूबाजूने जोडणे हे सगळ्यांत किचकट. आजवर जोड सपाट तोंडांचा होता; आता घाव अरुंद कडेवर पडायचा. पट्टी बारीक असेल तर ती दबण्याऐवजी धनुष्यासारखी वाकते आणि सांधा मध्येच उघडतो. लांबी हातभर असेल तर एका तावात चार-सहा इंचच साधतात. पुढचा भाग जोडताना मागचा थंड होतो, आकसतो, ओढला जातो. शेवटी धारेची पोलादी पट्टी. इथे चूक झाली तर आधीचे कित्येक दिवसांचे काम वाया जाणार.

आणि एवढे झाल्यावर पाते तापवून पाण्यात बुडवायचे. पोलाद झटकन थंड होताना कडक होते आणि त्याच वेळी किंचित फुगते. शेजारचे मऊ लोखंड तसे करत नाही. दोघांच्या या ओढाताणीचा भार पडतो तो नेमका सांध्यावर. पाणी देताना ‘टिक्’ असा आवाज आला की आजचाही लोहार दचकतो. कुठला तरी जोड सुटल्याची ती खूण असते. कदाचित याच भीतीमुळे त्या काळच्या बऱ्याच पात्यांना पूर्ण पाणी दिलेले आढळत नाही.

आता पुराव्याकडे पुन्हा वळावे. डेन्मार्कमधील न्यूदाम येथील दलदलीत कॉनराड एंगेलहार्ट याने १८५९ ते १८६३ या काळात शंभरावर तलवारी उकरून काढल्या. त्यांतल्या बहुसंख्य पॅटर्न-वेल्डिंगच्या. ऑक्सिजनरहित दलदलीत त्या पुष्कळ चांगल्या टिकल्या होत्या. इंग्लंडच्या कबरींतल्या तलवारी तशा टिकल्या नाहीत. पुढे जेनेट लँग आणि बॅरी एगर यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या शंभराहून अधिक तलवारींची क्ष-किरण तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. बाहेरून नुसता गंज दिसणाऱ्या पात्यांत पिळाच्या रेघा स्पष्ट दिसल्या.

त्या रेघा दिसतात कशा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गंज पात्यात शिरतो तो सांध्यांच्या वाटेने. जिथे मळीची बारीकशी रेघ राहिली, तिथे गंज आधी पोहोचला आणि धातू आधी खाऊन गेला. क्ष-किरणांना ही कमी-अधिक घनता दिसते. म्हणजे लोहाराचा सांधा जिथे शंभर टक्के साधला नाही, नेमके तिथेच त्याचे काम आपल्याला वाचता येते. निर्दोष जोड क्ष-किरणांना मुका असतो.

यावरून एक लोकप्रिय समजूत तपासून घेता येते. ‘थरावर थर, म्हणून पाते अभेद्य’ असे सर्रास लिहिले जाते. टाइलकोट आणि गिल्मर यांनी १९८६ मध्ये प्राचीन पात्यांचे छेद घेऊन केलेला अभ्यास आणि त्यानंतरची कामे पाहता हे पटत नाही. नक्षीचा गाभा अनेकदा मऊ किंवा फॉस्फरसयुक्त लोखंडाचा, कार्बन नाममात्र, सांध्यांत मळी. निव्वळ बळाच्या हिशेबाने तेवढ्याच चांगल्या पोलादाची एकसंध पट्टी सरस ठरली असती. ती मिळत नव्हती, हा त्या काळाचा प्रश्न. उपलब्ध मालाचे गुणदोष सगळ्या पात्यात समान वाटून टाकणे, एका ठिकाणचा दोष पूर्ण पाते मोडू न देणे, एवढा लाभ जोडकामाने नक्कीच दिला. अभेद्यपणा नाही.

मग इतकी उरापोटी मेहनत का? सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले एक पत्र इथे उपयोगी पडते. इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या वतीने त्याचा मंत्री कॅसिओडोरस याने एका परकी राजाला तलवारींच्या भेटीबद्दल आभाराचे पत्र लिहिले. त्यात पात्यांच्या मधल्या पन्हळीत वळवळणाऱ्या किड्यांसारख्या आकृती दिसतात, आणि छायेचा असा खेळ चालतो की धातूत अनेक रंग विणले आहेत असे वाटावे, अशा अर्थाचे वर्णन आहे. राजाचा मंत्री प्रामुख्याने बोलतो ते दिसण्याबद्दल. पण हे दिसणे फुकाचे नव्हते. नक्षी अखंड, सलग उमटली असेल तर तिच्याखालचे सांधे धरले आहेत. कुठे रेघ तुटली, काळी चीर दिसली, तर तिथे घात आहे. पाते विकत घेणाऱ्या किंवा भेट स्वीकारणाऱ्या योद्ध्याला पोलादाच्या पोटात डोकावता येत नव्हते. नक्षी हा त्याला मिळणारा एकमेव दाखला होता, आणि त्याचा जीव त्या दाखल्यावर टांगलेला होता. पॅटर्न-वेल्डिंगच्या प्रतिष्ठेचे मूळ इथे शोधावे, असे म्हणायला जागा आहे.

नवव्या-दहाव्या शतकांत चांगले, एकसारखे पोलाद अधिक मिळू लागले तशी तलवारीच्या अंगातली ही नक्षी मागे पडली. ती नाहीशी झाली नाही. तिने जागा बदलली. ‘उल्फबर्ट’ असे नाव कोरलेल्या प्रसिद्ध तलवारींत ती अक्षरे पिळलेल्या सळईचे तुकडे तापल्या पात्यात ठोकून बसवलेली असतात. ज्या कामाने पूर्वी सबंध पाते उभे राहायचे, ते आता सहीपुरते उरले. सुऱ्यांमध्ये मात्र पिळाचे पट्टे आणखी काही काळ मिरवत राहिले.

आता मुंबईचे पत्र. १७९४ मध्ये मुंबईतले इंग्रज वैद्य हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे वूट्झ पोलादाचे नमुने धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर प्रयोग करून १७९५ मध्ये निबंध वाचला; त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असेच म्हटले आहे, जरी ते प्रत्यक्षात दख्खनच्या आणि दक्षिणेच्या मुशींतून येत होते. स्कॉट यांनी पोलादाच्या कडकपणाची तारीफ केली, पण दोन तक्रारीही कळवल्या. एक, हे पोलाद अगदी मंद लालीपलीकडचा ताव सोसत नाही, त्यामुळे घडकाम फार वेळखाऊ होते. दुसरी, लोखंडाशी किंवा दुसऱ्या पोलादाशी याचा भट्टीत जोड होत नाही. स्क्रू किंवा तत्सम युक्तीनेच ते बसवावे लागते.

वरचे सारे वाचल्यावर याचे कारण ओळखू यावे. वूट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. मऊ लोखंड जोडायला जो पांढुरका ताव लागतो, तिथे पोहोचण्याच्या आतच वूट्झ कणाकणांनी वितळून भुरभुरते. शिवाय त्या तावात त्याचे आतले तरंगही पुसले जातात. म्हणजे ‘दमास्कस’ या एकाच नावाखाली जी दोन पाती दुकानांत आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर शेजारी बसतात, त्यांतले एक जोडावाचून जन्मत नाही आणि दुसरे जोडाच्या तावात मरते. दख्खनच्या मुशीवाल्यांचे कसब सांध्याची गरजच संपवण्यात होते. त्यांचे श्रेय सीरियातल्या एका बाजारपेठेच्या नावावर जमा झाले.

विसाव्या शतकात पॅटर्न-वेल्डिंगचे पुनरुज्जीवन झाले त्यात एका अमेरिकी सुरीकाराचा मोठा वाटा आहे. मेरीलँडचा बिल मोरन याने १९७३ मध्ये कॅन्सस सिटी येथे सुरीकारांच्या संघाच्या प्रदर्शनात स्वतः जोडलेल्या थरांच्या सुऱ्या मांडल्या. नाव अर्थातच ‘दमास्कस’. त्यानंतर हजारो हौशी लोहार या कामात उतरले, आणि त्यांनाही जुनेच शत्रू भेटले, एक-दोन नव्या अवतारांत. आजच्या पोलादात स्वतःची मळी नाही, म्हणून टाकणखाराशिवाय चालत नाही. ज्या पोलादात क्रोमियम पुरेसे आहे त्यावर धरणारी क्रोमियमची खपली टाकणखारालाही दाद देत नाही; म्हणून काही जण पट्ट्यांची चळत पोलादी डब्यात हवाबंद करून, हवेचा स्पर्शच टाळून जोडतात. उजळ रेघेसाठी निकेलचे पोलाद वापरतात. जावातल्या उल्केचे हे कारखानी भावंड.

मोरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली. तिची ‘मास्टर’ ही पदवी हवी असेल तर किमान ३०० थरांचे जोडलेले पाते घेऊन परीक्षेला बसावे लागते. त्या पात्याने लोंबकळता दोर एका घावात तोडायचा, लाकडाचा जाड ओंडका दोनदा छेदायचा, त्यानंतरही धार दाढी करण्याइतकी शाबूत असल्याचे दाखवायचे. हे झाले की पाते शेगड्यात आवळून काटकोनात वाकवतात. नक्षी किती सुंदर होती याला त्या क्षणी किंमत नसते. बघणारे कान देऊन ऐकत असतात, कुठला थर ‘टिक्’ करतो का ते.